'अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म वाजला की बंद झाला? 'गो ऑफ'चे अर्थ आणि वापर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्रजी मालिकेत एक पात्र धापा टाकत सांगतं, 'द अलार्म वेंट ऑफ!', आणि सगळे पळत सुटतात. ऑफ म्हणजे बंद, मग अलार्म बंद झाल्यावर पळायचं कशाला? पुढे शब्दकोश उघडला तर 'गो ऑफ'खाली स्फोट होणे, नासणे, निघून जाणे, आवडेनासे होणे, झोप लागणे, पार पडणे असे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले अर्थ दिसले. यात काही धागा आहे की सगळं पाठच करायचं?

आधी सरळ उत्तर देते. अलार्म वाजला. इंग्रजीत अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे तो वाजतोच. वाजणारा अलार्म बंद करायचा तर 'टर्न ऑफ' करतात, आपला आपण थांबला तर 'स्टॉप्ड' म्हणतात. अनुवाद तपासण्याच्या माझ्या कामात या एका वाक्याचं 'अलार्म बंद पडला' झालेलं इतक्यांदा दिसतं, की हल्ली एखाद्या संहितेत चोरी किंवा आग असली की मी आधी तेच शोधते.

आता धाग्याबद्दल. धागा आहे, पण सगळीकडे सारखा पक्का नाही. बंदूक, बॉम्ब, गजर यांच्यापाशी तो एकदम घट्ट आहे. 'मीटिंग वेंट ऑफ वेल'पाशी पोचेपर्यंत तो बराच विरतो. तिथे ओढूनताणून तर्क लावण्यापेक्षा वापर लक्षात ठेवलेला बरा.

गोंधळ होतो तो आपण 'ऑफ' हा शब्द बटणांवरून उचलला म्हणून. पंखा ऑफ कर, तिचा फोन ऑफ येतोय, आज मूडच ऑफ आहे. त्यामुळे मराठी कानाला ऑफ म्हणजे बंद, थंड, संपलेलं. इंग्रजीत मात्र हा बटणाचा अर्थ नंतर आला. मूळ अर्थ 'पासून दूर, अलग'. एक एफवाला 'चा-ची-चे'चा ऑफ आणि हा दोन एफवाला ऑफ हे मुळात एकच शब्द. जोर देऊन उच्चारलं जाणारं रूप हळूहळू वेगळं पडलं आणि सतराव्या शतकात दोघांची स्पेलिंगं कायमची वेगळी झाली. संस्कृतातला 'अप' हा उपसर्ग याच घराण्यातला आहे: अपहरण म्हणजे दूर नेणं, अपसरण म्हणजे दूर सरकणं. त्या हिशेबानं 'गो ऑफ' म्हणजे शब्दशः अपगमन. म्हणून वाक्य समोर आलं की 'काय बंद झालं?' असं न विचारता 'कोण कशापासून सुटलं?' असं विचारून बघा. बरेच अर्थ आपोआप उलगडतात.

बंदुकीपासून सुरुवात करू, कारण अलार्मचं कोडं तिथेच सुटतं. भरलेली, घोडा ओढलेली बंदूक अडवून धरलेल्या स्थितीत असते. आत स्प्रिंग ताणलेली असते आणि एक छोटासा खटका तिला धरून असतो. तो निसटला की सगळं एकदम सुटतं. 'द गन वेंट ऑफ': बार उडाला, गोळी सुटली. मराठीनंही इथे सुटणं आणि उडणं हीच क्रियापदं निवडलेली आहेत, हे लक्षात घ्या. गजराचंही तसंच. चावीच्या जुन्या घड्याळात गजराची स्प्रिंग वेगळी असायची. रात्री तिला चावी द्यायची, एक अडसर तिला थोपवून धरायचा, आणि काटा ठरलेल्या जागी आला की अडसर बाजूला होऊन हातोडी घंटेवर थडाथडा आपटायची. म्हणजे गजर हीसुद्धा एक सुटलेली स्प्रिंगच. आता घड्याळ फोनमध्ये गेलं, स्प्रिंग कुठेच उरली नाही, पण क्रियापद तेच राहिलं.

याच गटात आणखी काय काय बसतं ते बघा. धुराचा डिटेक्टर, मोटारीतली एअरबॅग, स्वयंपाकघरातला टायमर, छतातले पाण्याचे फवारे, फटाका, कॅमेऱ्याचा फ्लॅश, सभेत अचानक वाजलेला कुणाचा तरी मोबाइल. हे सगळे 'गो ऑफ' होतात. प्रत्येक वस्तू कशाची तरी वाट बघत सज्ज बसलेली असते आणि एका क्षणी तिचं काम सुरू होतं. म्हणजे या गटात 'गो ऑफ'चा अर्थ 'सुरू होणं' इतका उलटा जातो. मात्र जे फुटण्यासाठी किंवा वाजण्यासाठी बनवलेलंच नाही, ते फुटलं तर 'गो ऑफ' म्हणत नाहीत. बॉयलर फुटला तर 'द बॉयलर ब्ल्यू अप' किंवा 'एक्स्प्लोडेड'. बॉम्ब मात्र 'वेंट ऑफ' होतो, 'एक्स्प्लोडेड'ही होतो. फरक असा की 'गो ऑफ'मध्ये लक्ष त्या क्षणावर असतं, 'ब्लो अप'मध्ये झालेल्या नासधुशीवर. 'द बॉम्ब वेंट ऑफ अ‍ॅट नून अँड ब्ल्यू अप द ब्रिज' या वाक्यात दोन्ही कामं वाटून दिलेली आहेत: बॉम्ब दुपारी बाराला फुटला आणि त्यानं पूल उडवला.

इथे जरा थांबते, कारण बंदुकीच्या वाक्यात एक बारकावा आहे आणि अनुवादात तोच सर्वांत जास्त वेळा मरतो. समजा, एक साक्षीदार म्हणतो, 'देअर वॉज अ स्ट्रगल अँड द गन वेंट ऑफ'. मराठीत कुणी लिहिलं, 'झटापट झाली आणि त्यानं गोळी झाडली', तर कथा तीच वाटते, पण साक्ष बदलली. इंग्रजी वाक्यात गोळी झाडणारा कुणीच नाही. बंदूक हाच कर्ता आहे, हेतूचा उल्लेख नाही, आणि बोलणाऱ्यानं तो मुद्दाम टाळलेला असू शकतो. मराठीत याला तंतोतंत जोड आहे: 'झटापट झाली आणि बंदुकीतून गोळी सुटली'. झाडली म्हटलं की माणूस आला, सुटली म्हटलं की तो बाजूला झाला. इंग्रजीत हाच फरक 'ही फायर्ड द गन' आणि 'द गन वेंट ऑफ' यांच्यात आहे. रहस्यकथेत तर अख्खा खटला या एका क्रियापदावर उभा असतो. तिथे अनुवादकानं 'झाडली' लिहिलं की खुनी पहिल्याच प्रकरणात सापडला म्हणायचा.

यातूनच व्याकरणाचा मुख्य नियम निघतो. या अर्थानं 'गो ऑफ' अकर्मक आहे. 'ही वेंट ऑफ द बॉम्ब' होत नाही, 'द बॉम्ब वॉज गॉन ऑफ' असा कर्मणी प्रयोगही होत नाही. कुणीतरी तो फोडला, कुणामुळे अलार्म वाजला, हे सांगायचं असेल तर जोडीदार क्रियापद आहे 'सेट ऑफ'. आपल्याकडे फुटणं आणि फोडणं, वाजणं आणि वाजवणं अशा जोड्या असतात, तशीच ही जोडी. 'द स्मोक सेट ऑफ द अलार्म': धुरामुळे अलार्म वाजला. 'सेट ऑफ'चे दोन भाग सुटेही होतात: 'सेट द अलार्म ऑफ' चालतं, आणि सर्वनाम असेल तर ते मध्येच यावं लागतं, 'सेट इट ऑफ'. ब्रिटिश लोक फटाक्यांसाठी 'लेट ऑफ'ही म्हणतात.

अलार्मच्या बाबतीत तीन वाक्यं एकमेकांत अडकतात, म्हणून ती शेजारी शेजारी ठेवते. 'आय सेट द अलार्म' म्हणजे मी गजर लावला. 'आय सेट ऑफ द अलार्म' म्हणजे माझ्यामुळे अलार्म वाजला, बहुधा चुकून. 'आय टर्न्ड ऑफ द अलार्म' म्हणजे मी तो बंद केला. पहिल्या दोघांत फरक फक्त त्या टीचभर ऑफचा, पण पहिल्या वाक्यात तुम्ही शहाणे आणि दुसऱ्यात चोर किंवा धांदरट. उशीर झाल्याची सबब सांगायची असेल तर 'माय अलार्म डिडन्ट गो ऑफ' म्हणजे गजर झालाच नाही. गजर झाला, पण जाग आली नाही, तर 'आय स्लेप्ट थ्रू माय अलार्म'. आणि 'डिडन्ट गो ऑफ' हे ऐकून कुणी 'गजर बंदच होईना' असा अर्थ घेतला, तर सबब पार उलटी होते.

आता दिवे. इथे बटणाचा ऑफ येतो आणि मराठी माणसाला हायसं वाटतं. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले. 'द पॉवर वेंट ऑफ', वीज गेली. 'द हीटिंग गोज ऑफ अ‍ॅट टेन', हीटिंग दहाला बंद होतं. सतत चालू असणारी गोष्ट त्या चालू अवस्थेपासून दूर गेली, म्हणजे बंद झाली. धागा तोच, दिशा उलटी. त्यामुळे इंग्रजीत असं वाक्य अगदी सहज होऊ शकतं: 'द लाइट्स वेंट ऑफ, अँड अ सेकंड लेटर द अलार्म वेंट ऑफ'. दिवे गेले आणि सेकंदभरात अलार्म वाजू लागला. तेच क्रियापद, तोच काळ, एकदा बंद आणि एकदा सुरू. इंग्रजी बोलणाऱ्याला यात काहीच खटकत नाही, कारण त्याचा कान आधी कर्ता ऐकतो.

शंका आली तर एक चाचणी वापरा. वाक्यापुढे 'अँड देन केम बॅक ऑन' जोडून बघा. 'द लाइट्स वेंट ऑफ अँड देन केम बॅक ऑन' छान बसतं, म्हणजे इथे अर्थ बंद होण्याचा. 'द बॉम्ब वेंट ऑफ अँड देन केम बॅक ऑन' ऐकून हसू येतं, म्हणजे अर्थ सुटण्याचा. मोबाइलबाबत दोन्ही शक्यता असतात. पण 'हिज फोन वेंट ऑफ ड्युअरिंग द स्पीच' म्हटलं तर जवळपास नेहमीच भाषण चालू असताना वाजला असा अर्थ. बॅटरी संपून बंद पडला तर लोक 'माय फोन डाइड' म्हणतात.

दिव्यांवरून आणखी दोन गोष्टी. मेणबत्ती, चूल, शेकोटी विझते तेव्हा 'वेंट आउट', 'वेंट ऑफ' नव्हे. विजेच्या दिव्यांना दोन्ही चालतं. आणि फ्लॅश व दिवा दोन्ही उजेडाचेच, तरी 'द फ्लॅश वेंट ऑफ' म्हणजे लख्खकन उजेड पडला आणि 'द लाइट वेंट ऑफ' म्हणजे अंधार झाला. याच गमतीतून अमेरिकेत एक वाद चालत आलेला आहे. डोक्यात एकदम कल्पना चमकली, याला तिथे बरेच लोक 'अ लाइट बल्ब वेंट ऑफ इन माय हेड' म्हणतात. काटेकोर मंडळी म्हणतात, अहो, बल्ब 'ऑफ' झाला म्हणजे अंधार, इथे 'वेंट ऑन' हवं. बचाव करणारे जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशबल्बकडे बोट दाखवतात. तो तर 'गो ऑफ' होतानाच झगमगायचा. मला बचाव पटतो, पण लिहिताना मी 'वेंट ऑन'च सुचवते. वाचणाऱ्याला क्षणभरही अडखळायला लावू नये.

खाण्याच्या गोष्टी नासणं हा अर्थ मुख्यतः ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन. 'द मिल्क हॅज गॉन ऑफ', दूध नासलं. मासे, मांस, दही, मलई यांना हे सहज लागतं. पाव शिळा होऊन कडक झाला तर 'स्टेल', बुरशी आली तर 'मोल्डी', तेलातुपाला खवट वास आला तर 'रॅन्सिड'. तिथे 'गो ऑफ' कमी चपखल. अमेरिकन माणूस दुधाला 'गॉन बॅड', 'स्पॉइल्ड' किंवा 'टर्न्ड' म्हणेल. नासलेल्या अवस्थेला नुसतं 'ऑफ' हे विशेषणही आहे: 'दिस मिल्क इज ऑफ'. काळाचीही एक खोड बघा. दूध नासलेलं आत्ता समोर आहे, म्हणून ब्रिटिश बोलण्यात 'हॅज गॉन ऑफ' हा पूर्ण वर्तमानकाळ जास्त ऐकू येतो. बॉम्ब एका क्षणात फुटून संपतो, म्हणून त्याला बहुतेकदा साधा भूतकाळ, 'वेंट ऑफ'.

माणसाच्या गुणांनाही ब्रिटिश लोक हाच अर्थ लावतात. एखाद्या हॉटेलचा दर्जा घसरला, एखाद्या गायकाची पूर्वीची बात राहिली नाही, तर 'इट्स गॉन ऑफ अ बिट लेटली'. आपण 'आताशा बिघडलंय' म्हणतो तसं.

यापुढचा अर्थ माझ्या विशेष आवडीचा, कारण मराठीत त्याला फार सुंदर जोड आहे. 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी' म्हणजे कॉफीवरून माझं मन उडालं. पूर्वी आवडायची, आता नको वाटते. हाही ब्रिटिश वापर. इथे ऑफनंतर थेट कर्म येतं आणि ते कधीच मध्ये शिरत नाही: 'गॉन ऑफ इट' बरोबर, 'गॉन इट ऑफ' चूक. या वापरात आधीची आवड गृहीत धरलेली असते. जे कधीच आवडलं नाही त्याला हे वापरता येत नाही. माणसांनाही लागतं: 'शी वेंट ऑफ हिम आफ्टर दॅट' म्हणजे त्यानंतर तो तिच्या मनातून उतरला. 'तिला तो आवडेनासा झाला' हा अनुवाद बरोबर आहे, पण 'मनातून उतरला'मध्ये जी घसरण आहे ती त्यात येत नाही. संदर्भ प्रेमाचा असेल तर उतरणं, सवयीचा असेल तर उडणं, आणि अति झाल्यामुळे असेल तर 'वीट आला' किंवा 'विटली', असं मी साधारण लावते.

निघून जाणं हा अर्थ सगळ्यांत सोपा, मूळ 'अप'च्या सर्वांत जवळचा. 'ही वेंट ऑफ टु वर्क', तो कामावर गेला. मग नुसतं 'वेंट टु वर्क' का नाही? ऑफमुळे मागे राहिलेल्यांच्या नजरेतून बघितल्यासारखं होतं. इथून उठून, आपल्यातून, तो तिकडे गेला. 'शी वेंट ऑफ टु कॉलेज'मध्ये घर सोडल्याची छटा आहे, 'दे वेंट ऑफ टु वॉर'मध्ये तर निरोपाची. मराठीत 'गेला' आणि 'निघून गेला' यांत जो फरक, थोडाफार तसाच. मात्र मराठीतल्या 'निघून गेला'त कधी कधी राग किंवा तुटकपणा असतो, तो इंग्रजीत असेलच असं नाही, म्हणून दर वेळी डोळे मिटून 'निघून गेला' टाकू नका.

याला 'विथ' जोडला की मात्र प्रकरण गंभीर होतं. 'हिज वाइफ वेंट ऑफ विथ हिज बेस्ट फ्रेंड' म्हणजे बायको त्याच्याच जिवलग मित्राबरोबर पळून गेली. दोघं फिरायला गेली, असा अर्थ घेतलात तर पुढची शंभर पानं कळणार नाहीत. वस्तूसाठी म्हटलं तर न विचारता नेणं: 'समवन हॅज गॉन ऑफ विथ माय पेन', कुणीतरी माझं पेन घेऊन गेलंय. चोरी केली असा थेट आरोप त्यात नसतो, पण बोलणारा वैतागलेला असतो एवढं नक्की.

झोपेचा अर्थ लहान मुलांच्या घरातला. 'द बेबी हॅज जस्ट गॉन ऑफ' म्हणजे बाळाचा आत्ताच डोळा लागलाय. हाही ब्रिटिश. पुष्कळदा 'गॉन ऑफ टु स्लीप' असं पूर्ण म्हणतात. हाच ऑफ 'नॉड ऑफ', 'डोझ ऑफ', 'ड्रॉप ऑफ' या डुलकीच्या क्रियापदांमध्येही बसलेला आहे. जागेपणापासून दूर जाणं, एवढंच.

'पार पडणं' या अर्थापाशी धागा विरतो, म्हणाले होते ते हे. 'द सेरेमनी वेंट ऑफ वेल', समारंभ छान पार पडला. इथे 'कसा' हे सांगणारा शब्द जवळपास सक्तीचा आहे: वेल, स्मूदली, पीसफुली, विदाउट अ हिच. नुसतं 'द सेरेमनी वेंट ऑफ' म्हटलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. याच्या शेजारी दोन सापळे आहेत. 'द वेडिंग वेंट ऑफ वेल' म्हणजे लग्न छान पार पडलं, 'द वेडिंग इज ऑफ' म्हणजे लग्न मोडलं. आणि कार्यक्रम रद्द करणं हे 'कॉल ऑफ', पुढे ढकलणं हे 'पुट ऑफ'. 'सामना वेंट ऑफ' म्हणून रद्द झाल्याचा निरोप पाठवलात, तर समोरचा मैदानावर जाऊन उभा राहील.

रागाचे आणि भरकटण्याचे अर्थ बंदुकीच्या शाखेतलेच म्हणता येतील. अमेरिकन बोलीत 'शी वेंट ऑफ ऑन हिम' म्हणजे ती त्याच्यावर एकदम उखडली. ब्रिटनमध्ये 'ही वेंट ऑफ ऑन वन' म्हणजे त्यानं तोंडाचा पट्टा सोडला. 'गो ऑफ ऑन अ टँजंट'मध्ये मात्र राग नाही. टँजंट म्हणजे भूमितीतली स्पर्शिका. वर्तुळाला एका बिंदूत टेकून सरळ निघून जाणारी रेषा, तसा बोलणारा विषयाला जेमतेम शिवून भलतीकडे निघतो. ब्रिटनमध्ये तिथे 'ऑन'ऐवजी 'अ‍ॅट अ टँजंट' म्हणतात. पूर्वतयारी न करता घाईनं काहीतरी करून बसणं याला 'गो ऑफ हाफ-कॉक्ड' म्हणतात, आणि हे अगदी अक्षरशः बंदुकीतून आलंय. जुन्या चापाच्या बंदुकीचा घोडा अर्धा ओढून सुरक्षित ठेवता यायचा. त्या अवस्थेत बार उडू नये अशी अपेक्षा, पण कधी कधी उडायचा.

काही वाक्यांत 'गो ऑफ' हे एक क्रियापद नसतंच. तिथे 'ऑफ' पुढच्या शब्दाला चिकटलेला असतो: 'गो ऑफ द रेल्स' (गाडी रुळावरून घसरणं, म्हणजे माणूस वाया जाणं), 'गो ऑफ एअर' (प्रक्षेपण थांबणं), 'गो ऑफ स्क्रिप्ट' (लिहिलेलं सोडून बोलणं), 'गो ऑफ ड्यूटी' (पाळी संपवून मोकळं होणं). शब्दकोशात हे 'रेल', 'एअर', 'स्क्रिप्ट' या शब्दांखालीही शोधा, नुसतं 'गो ऑफ'खाली मिळेलच असं नाही.

तरुणांच्या बोलण्यात अलीकडे आणखी एक अर्थ आलाय. नाचणाऱ्याला, गाणाऱ्याला, मैदान गाजवणाऱ्याला उद्देशून 'गो ऑफ!' म्हणजे 'तोड नाही!', 'उडव धुरळा!' अशी दाद. तोच शब्द खवचटपणेही येतो: कुणी फुकाची बडबड करत असेल तर 'गो ऑफ, आय गेस', म्हणजे 'चालू दे तुझं'. कौतुक की टोमणा, हे मागचापुढचा संवाद बघितल्याशिवाय ठरवू नका. आणि हे स्वतः वापरायची घाई करू नका. अशी बोली शिळी व्हायला वेळ लागत नाही, आणि चाळिशीच्या माणसानं ती वापरली की ऐकणारा वेगळ्याच कारणानं हसतो.

ऐकताना एक अडचण येते तिचंही सांगते. 'वेंट ऑफ' हे दोन शब्द बोलताना जोडले जातात आणि 'वेन्टॉफ' असं कानावर येतं, 'गो ऑफ'मध्ये मध्येच हलकासा 'व' उमटून 'गोवॉफ' होतं. सबटायटल बंद करून ऐकत असाल तर हे रूप ओळखीचं असायला हवं. तसं, 'वेंट' हे मुळात 'गो'चं रूपच नाही. 'वेंड' नावाच्या दुसऱ्या क्रियापदाचा तो भूतकाळ, 'गो'नं दत्तक घेतलेला.

आता राहिला औपचारिक लिखाणाचा प्रश्न. 'गो ऑफ' बोलीत आणि बातमीत सर्रास चालतं, 'अ बॉम्ब वेंट ऑफ' हे तर वृत्तपत्रांचं ठरलेलं वाक्य आहे. पण अहवाल, तक्रार, तांत्रिक नोंद लिहिताना नेमकं क्रियापद घ्या: स्फोटासाठी 'एक्स्प्लोडेड' किंवा 'डेटोनेटेड', अलार्मसाठी 'साउंडेड' किंवा 'वॉज ट्रिगर्ड', विजेसाठी 'फेल्ड', दुधासाठी 'स्पॉइल्ड'. विशेषतः यंत्रांच्या नोंदवहीत 'द सेन्सर वेंट ऑफ अ‍ॅट थ्री' असं कधीही लिहू नका. तीन वाजता सेन्सर वाजला की बंद पडला, हे पुढच्या पाळीतल्या माणसाला कळणार नाही. तिथे 'ट्रिगर्ड' किंवा 'शट डाउन' यांतलं एक लिहायचं.